मालगुजारांच्या रेडिओची शिट्टी

ती शिट्टी अजून माझ्या कानातून गेलेली नाही.

युद्धाच्या काळात पोलिसांच्या बिनतारी कचेरीत माणसे कमी पडत होती. माझे शिक्षण नागपूरच्या इंग्रजी शाळेत झाले होते आणि पदार्थविज्ञान मी शिकले होते, म्हणून मला गोंदियाला तात्पुरते नेमले. युद्ध संपल्यावर कचेरी मोडली आणि मी सेवेतून मोकळी झाले. ठाण्यात माझे टेबल मुद्देमालाच्या खोलीशेजारी होते. मी फार बोलत नसे. त्यामुळे लोक माझ्यासमोर मोकळेपणी बोलत, आणि मी ऐकत असे.

खबर आली ती कामठ्याकडच्या विमानतळावरून. तिथल्या रेडिओत रोज दिवेलागणीला एक बारीक शिट्टी घुसत होती आणि तिचा सूर मध्येच हलत होता. थोडा वेळ ठोक्यामागून ठोका, मग खंड, पुन्हा ठोके. कोणीतरी सांकेतिक भाषेत विमानांची बातमी शत्रूला पाठवत असावे, असा लष्कराचा संशय होता.

आम्ही पोलिसांच्या ट्रकमध्ये फिरती चौकट-एरियल बसवली. ती ज्या दिशेला वळवली असता आवाज सर्वांत क्षीण होतो, त्यावरून लहर कुठून येते ते कळते. दोन जागांवरून दिशा घेतल्या. त्यांच्या रेघा एका खेड्यावर येऊन मिळाल्या.

आमचे हवालदार उत्तर हिंदुस्थानातले होते, बोलत हिंदी. हेडफोन कानाला लावून ते म्हणाले, "मिससाब, ये जासूस बहुत थका हुआ है. देखिए, ठोकते-ठोकते सुस्ता रहा है."

मी हसले. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. संदेश पाठवणाऱ्याचा हात हलका असतो. हे ठोके जड होते आणि शेवटी शेवटी रेंगाळत होते.

त्या खेड्यात रेडिओ एकच होता, मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ओसरीवर. बॅटरीवर चालणारा, रीतसर परवान्याचा. मालगुजार साठीचे, विधुर. घराणे माळव्याकडून आलेले, मानाचे. त्यांचा मुलगा फौजेत होता. घरात सून आणि एक बिनलग्नाची मुलगी. भावकीचा दावा कोर्टात पडून होता आणि जमिनीचे उत्पन्न त्यात अडकले होते, हे गावाला माहीत होते. पण पांढरेशुभ्र धोतर आणि ओसरीवरची बैठक तशीच होती. संध्याकाळच्या बातम्या ऐकायला गाव तिथे जमे. बातम्या संपल्या की सेट शिट्टी घालू लागे. मालगुजार म्हणत, "मशीन तापली, आता जा घरी," आणि माणसे उठून जात.

झडतीच्या वेळी आतल्या भागात मला पाठवले, कारण बायकांच्या खोल्यांत पुरुष जाणार नव्हते. ओसरीच्या भिंतीपलीकडेच ढेकी होती. ढेकी म्हणजे पायाने दाबून भात कांडायचे साधन: लांब लाकूड, पुढे मुसळ, खाली उखळ. बाजूला पोती होती. सुनेच्या केसांत कोंडा होता. मी पाहते आहे हे लक्षात येताच तिने पदर पुढे ओढला.

"घरापुरतं कांडतो बाई," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मी गुप्त यंत्र शोधायला आले होते. ते मिळाले नाही. सेट जप्त करून आम्ही मालगुजारांना गोंदियाला आणले.

सेट उघडताच निम्मे कोडे सुटले. तो जुन्या पद्धतीचा होता. अशा सेटमध्ये व्हॉल्व्हने मोठा केलेला संदेश थोडा मागे फिरवून पुन्हा व्हॉल्व्हला देतात, म्हणजे दूरचे स्टेशनही ऐकू येते. पण हे मागे देणे प्रमाणाबाहेर गेले की व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो. घेणारा सेट पाठवणारा होतो. कर्ण्यातून शिट्टी ऐकू येते आणि तीच लहर एरियलवाटे बाहेर पडते. एक गुंडी जराशी मागे फिरवली की सगळे थांबते.

मी इन्स्पेक्टरसाहेबांसमोर गुंडी फिरवून दाखवली. शिट्टी थांबली. हे दाखवताना मालगुजार सुटतील असे मला वाटत होते. घडले उलटे.

"एवढीशी गुंडी होती," साहेब म्हणाले. "रोज काऊन नाही फिरवली?"

"समजलं नाही साहेब."

"स्टेशन लावता येते, बॅटरी बदलता येते, हे समजत नाही? आणि मध्येच सूर कोण हलवत होतं? सांगा!"

मालगुजारांनी माझ्याकडे पाहिले. मी झडतीला आत गेले होते, हे त्यांना ठाऊक होते. मग ते खाली बघत म्हणाले, "लिवा साहेब. म्याच पाठवत होतो."

"कोणाला?"

"तुमीच लिवा कोनाले ते."

हवालदारांनी लिहिता लिहिता हात थांबवला. खोटे बोलून सुटू पाहणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, खोटे बोलून अडकणारा हा पहिलाच. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे जबाब घ्यायचे ठरले. तिथेही ते हेच बोलले असते तर युद्धकाळातल्या हेरगिरीला दया नव्हती.

त्या संध्याकाळी ठाण्यामागच्या वस्तीत भात कांडणे चालू होते. गिरण्यांना इंधन मिळत नसल्यामुळे व्यापारी तेव्हा घरोघर भात कांडायला देत. मी टेबलाशी बसले होते आणि तो आवाज ऐकत होते. ठोक्यामागून ठोका. मग उखळातले भात हाताने वर-खाली करण्यापुरता खंड. पुन्हा ठोके. पाय दमला की रेंगाळणे.

नुसत्या लहरीला अर्थ नसतो. तिचा जोर किंवा सूर कशाने तरी हलवावा लागतो, तेव्हा ती काही वाहून नेते. ढेकीच्या प्रत्येक ठोक्याने भिंत आणि तिच्यावरची फळी हादरत होती, फळीवरचा सेट हादरत होता, व्हॉल्व्हमधली तार थरथरत होती आणि सूर हलत होता. कांडण गावाला ऐकू जाऊ नये म्हणून मालगुजार शिट्टी लावत होते, आणि तीच शिट्टी ते कांडण विमानतळापर्यंत पोहोचवत होती.

मी हवालदारांना घेऊन लगेच त्या घरी गेले. सुनेला एकटीला गाठून विचारले. पोती गोंदियाच्या व्यापाऱ्याची होती. दोघी नणंद-भावजय मजुरीने कांडत होत्या.

"मामाजी काऊन नाई सांगत?" तिनेच मला विचारले आणि तिनेच उत्तर दिले. "कसे सांगन? या घरच्या बाया लोकाचं भात कांडतात म्हनून?"

"नाही सांगितले तर त्यांना तुरुंग होईल. कदाचित त्याहून वाईट. साहेबांना प्रत्यक्ष दाखवावे लागेल."

"साहेबांपुढं?"

"पंचांपुढे."

"पंच कुठले?"

मी ओसरीवरच्या बैठकीकडे पाहिले. ती समजली.

"बाई, तुमी आमाले वाचवून राहिले, का उघडं करून राहिले?"

मी ट्रककडे चालू लागले.

परतल्यावर मी साहेबांना सगळे सांगितले आणि पंच बाहेरगावचे घ्यावेत अशी विनंती केली. ते कठोर नव्हते. पण म्हणाले, "उद्या लष्कर विचारेल, पोलिसांच्या ओळखीचे पंच आणलेत का? पंच तिथलेच हवेत, प्रतिष्ठित हवेत." प्रतिष्ठित म्हणजे रोज ओसरीवर बसणारे तेच लोक.

सकाळी मालगुजारांना बेड्यांसह ट्रकमधून नेले. सेट जिथला तिथे ठेवून मी शिट्टी लावली. ट्रक गल्लीच्या टोकाला उभा केला. हवालदार हेडफोन लावून टपावर उभे राहिले. सूर हलला की हात वर करायचा, असे ठरले होते. तिथवर कांडणाचा आवाज पोहोचत नव्हता. गाव जमले होते.

सून स्वतःहून ढेकीशी गेली. कोणी तिला हाक मारली नव्हती. मधले दार उघडेच ठेवायचे होते, पंचांना दिसावे म्हणून. तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि पाय टाकला.

गल्लीच्या टोकाला हवालदारांचा हात वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

"काय कवायत करून राहिला रे हा!" कोणीतरी म्हणाले आणि लोक हसले. मग एका म्हातारीने दारातून आत डोकावले. "अवो माय," ती म्हणाली, "हे तं मालगुजाराची सून. आन् पोती तं गोंदियाच्या शेठची हायेत."

हसणे थांबले. हवालदारांना हे काही ऐकू येत नव्हते. त्यांचा हात वर-खाली होत राहिला. मला तो थांबवायचा होता, पण पंचांचे समाधान झाल्याशिवाय थांबवता येत नव्हते. पंच दाराकडे बघत नव्हते. एकजण स्वतःच्या वहाणेकडे पाहत म्हणाला, "झालं साहेब. समजलं."

पंचनाम्यावर सह्या झाल्या. मालगुजारांच्या बेड्या तिथेच काढल्या. मनगटे चोळत ते माझ्याजवळून जाताना थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"जेलात गेलो असतो तं गावानं नाव काढलं असतं बाई. आता मी ओसरीवर कोनापुढं बसू?"

या प्रकरणाबद्दल मला शाबासकीचे पत्र मिळाले. मी ते घरी कोणाला दाखवले नाही. निरपराध माणूस सुटला, हे खरे आहे, आणि तसे झाले नसते तर मी स्वतःला क्षमा केली नसती. पण तपासात मी एक गोष्ट शिकले, जी कोणत्याही नियमावलीत नव्हती. माणूस जे लपवतो तो गुन्हाच असतो असे धरून आपण दार उघडतो. आत गुन्हा नसला तरी उघडलेले दार पुन्हा लावून देण्याची तरतूद पोलिसांकडे नाही.

आम्ही निघालो तेव्हा सेट बंद होता. ओसरी रिकामी होती. मला वाटले, आता या घरातून बरेच दिवस आवाज येणार नाही. पण ट्रक वळणावर पोहोचण्याआधीच ढेकी सुरू झाली. उखळात भात अर्धेच कांडून पडले होते. शिट्टी नव्हती, आणि मधले दारही कोणी लावले नव्हते. हवालदार माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी हेडफोन मांडीवर ठेवले आणि टोपी काढली.