मामा, मामी आणि विभक्तलिंगी वेल

माणसाचे वर्णन देठापासून सुरू करणारा भिवंडीत एकच माणूस झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा. वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शास्त्राने त्यांना सोडलेले नाही. त्यांच्या टेमघरच्या घरी न सांगता मुक्कामाला आलेले पाहुणे म्हणजे ‘आगंतुक मुळे’, नको तिथे फुटलेली. प्रवासी कोंबलेली शेअर रिक्षा म्हणजे ‘स्तबक’. सूर्यफुलासारखी, दिसायला एक फूल, आत सगळी गर्दी. मला पाहायला मुलीकडचे आले तेव्हा मामांनी बराच वेळ न्याहाळून, मुलगा अवृंत आहे, असा अभिप्राय दिला. माझ्या आईचा चेहरा उतरला. तिने हळूच विचारले, यावर औषध असते का. अवृंत म्हणजे देठ नसलेले, खोडाला चिकटलेले पान, आणि मी मघापासून आईला चिकटून बसलो आहे, असा खुलासा मग मामांनी केला. लग्न तरीही झाले.

समोरच्या यंत्रमाग कारखान्यातल्या एका कामगाराने एकदा कुंपणाशी थांबून विचारले, “मास्टरजी, फूल में भी लेडीज-जेन्ट्स होता है क्या?” मामांनी जास्वंद तोडली आणि पुंकेसर, परागकण, कुक्षी असे क्रमाने दाखवत निघाले. त्याची शिफ्ट सुरू झाली तेव्हा ते अंडाशयापर्यंत पोहोचले होते. दुसऱ्या दिवशी तो उरलेला भाग ऐकायला दोघा सोबत्यांना घेऊन आला.

मामांचे एक तत्त्व होते: आपण वर्णन करायचे, निसर्गाच्या कामात हात घालायचा नाही. ते मामींना महागात पडले. मामी जवळच्याच दिघाशी गावच्या. माहेरच्या कुंपणावरची सर्वांत जास्त फळे धरणारी करटोलीची वेल निवडून तिचा कंद त्यांनी अंगणात लावला होता. दर पावसाळ्यात फुले येत. प्रत्येक फुलाखाली इवलीशी काटेरी गोळी असे, ती पिवळी पडून गळे. मामा शेजारी खुर्ची टाकून समजावत, की करटोली विभक्तलिंगी. नर फुले एका वेलीवर, मादी फुले दुसरीवर. तू फळे पाहून निवडलीस, म्हणजे मादीच आणलीस. आता ही इथे एकटी.

गेल्या वर्षी घर पाडून तिथे इमारत उभी करायचे ठरले. गणपती झाले की दोघे मुलाकडे पुण्याला जाणार होते. मामी तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. भांडी बांधता बांधता एवढेच म्हणाल्या, “अहो, ती गोळी का गळते ते तुम्ही मला दरवर्षी सांगता. या अंगणातलं एक करटोलं खाऊन जायचं होतं मला.”

दुपारी मला मामांचा फोन आला, “जावईबापू, स्कूटर काढा.”

दिघाशीला मामींच्या भावजयीकडे त्यांनी नर वेल मागितली, तशी ती हसत सुटली. “न्हाय दाजी. त्याला फल न्हाय धरत, उगाच कुंपन अडवतंय. आमी उपटून टाकतो. नुसता फुलतंय, तुमच्यासारका.” मामांनी ही तुलना शास्त्रीयदृष्ट्या मान्य केली. अखेर माळामागच्या करवंदीच्या जाळीत एक वेल सापडली. करटोलीचे फूल दिवेलागणीला उमलते. तोवर आम्ही तिथेच बसलो, आणि उमलू लागलेली तीन फुले ओल्या रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून आणली.

अंगणात मी टॉर्च धरला. मामांनी एकेका नर फुलाच्या पाकळ्या मागे वळवल्या आणि परागकण एकेका मादी फुलाच्या कुक्षीवर अलगद टेकवले. आयुष्यभर हे शिकवलेला माणूस ते पहिल्यांदाच करत होता. दारातून मामींनी विचारले, “धरेल का?”

“माहीत नाही,” मामा म्हणाले. इतके छोटे उत्तर मी त्यांच्याकडून कधी ऐकले नव्हते.

दोन गळली, एक धरले. निघायच्या आदल्या दिवशी मामींनी ते तोडले, पातळ चकत्या करून तिखट-मीठ लावून तव्यावर परतल्या. मामांनी एक चकती सावकाश खाल्ली आणि उरलेल्या मामींच्या ताटात सरकवल्या.

टेमघरच्या त्या अंगणात आता पाया खणला आहे. कंद कुंडीतून पुण्याला गेला. तिथे पाचव्या मजल्यावर वेल फुलते आहे, आणि मामा रोज संध्याकाळी नर फुलाच्या शोधात अनोळखी कुंपणांशी थांबत फिरतात. परवा मामी फोनवर म्हणाल्या, “अजून मिळालं नाही. पण हे फिरून येईपर्यंत मी गॅलरीत वेलीपाशीच बसून असते.”