आप्पांचे उघडे तळहात

संतोषचा फोन आला तेव्हा मी दुकानाचे शटर उघडून देवाला उदबत्ती लावत होतो. संतोष हा यशवंतआप्पांचा मुलगा. चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. पहिल्या शिफ्टला असणारा मुलगा या वेळी फोन करतो म्हणजे काय, ते मला ‘हॅलो’ म्हणण्याआधीच कळले होते. “शेठ, आप्पा पहाटे गेले. गावाकडं नेतोय,” तो म्हणाला आणि थोडे थांबून पुढे म्हणाला, “तुम्हाला कळवायचं म्हणून कळवलं.” त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते... मी “निघतो मी” म्हणालो. तो “कशाला, लांब आहे” म्हणाला आणि फोन ठेवला. मी गेलो नाही. लांब आहे हे कारण मला पुरले.

आप्पा सोने गाळायचे. सांगली जिल्ह्यात विट्याच्या आसपास अशी गावे आहेत की जिथल्या घराघरांतला एक तरी माणूस देशाच्या कुठल्यातरी शहरात भट्टीपुढे बसलेला असतो. गलईवाले म्हणतात त्यांना. आप्पा त्यांच्यापैकी. मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर दक्षिणेत गेले, तिथे काम शिकले, आणि पंचविशीत चिंचवडला आले. माझ्या वडिलांनी आमच्या सराफी दुकानामागची खोली त्यांना दिली. तेव्हापासून मोडीला आलेला प्रत्येक दागिना, तुटलेली साखळी, जोडीतले एक हरवल्यावर उरलेले कानातले, पिळवटलेली अंगठी, त्या खोलीत जायची आणि लगड, म्हणजे सोन्याची कांडी, होऊन बाहेर यायची. मोड वितळवून आप्पा त्यात चांदी मिसळत, तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडत, आणि ते दाणे तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात, उकळत. चांदी-तांबे तेजाबात विरघळून जाई आणि तळाशी राही ते सोने. पण ते सोन्यासारखे दिसत नसे. तपकिरी, ओल्या मातीसारखे. ते धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. आप्पांच्या हातची लगड यंत्रातल्यासारखी काटकोनी नसे. एक कड किंचित गोलसर, पाठीवर थंड होतानाची बारीक सुरकुती. चिंचवडातले जुने सराफ ती सुरकुती पाहून ‘ही यशवंताची’ म्हणत आणि कस न पाहता घेत.

त्या खोलीचा एक रिवाज होता. ज्याचे सोने, त्याने भट्टीसमोर पाटावर बसायचे. लगड हातात पडेपर्यंत उठायचे नाही. मी कॉलेज संपवून दुकानात आलो तेव्हा वडिलांनी वर्षभर मला गल्ल्यावर बसू दिले नाही, त्या पाटावर बसवले. तेजाबाच्या वाफेने डोळे चुरचुरत, घसा खवखवे. एकदा वैतागून मी म्हणालो, “आप्पा, तुमच्यावर विश्वास आहे की आमचा. मी कशाला बसायचं?” आप्पा चिमट्याने मूस फिरवत म्हणाले, “इस्वास हाय म्हणूनच बसायचं, धाकलं शेठ. समोर माणूस आसलं की माज्या हातावर बालंट येत न्हाई.” पहारा चोरासाठी असतो, अशी माझी समजूत होती. तो काम करणाऱ्याच्या अब्रूसाठीही असतो, हे त्या दिवशी ऐकले खरे, समजले नाही.

पाटावर बसलेल्यांशी आप्पा बोलत राहायचे. चाकणजवळच्या एका गावातली एक मावशी सुनेला नवे काहीतरी करायचे म्हणून सासूच्या पाटल्या घेऊन आली होती. भांड्याच्या तळाशी तो तपकिरी गाळ पाहून तिचा धीर सुटला. “आवं, सासूच्या पाटल्या व्हत्या ह्या! त्याचा निस्ता चिखल केला की तुमी!” आप्पा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “मावशी, सासू उकळल्याबिगर चोख हुतीया का कुठं?” “आन् सून?” “सून आजून भट्टीत हाय.” मावशी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि आप्पांनी उठून मागच्या बोळाकडची खिडकी आणखी उघडली. ती खिडकी मोठी होती. पिवळट तांबूस धूर तिच्यातून बोळात जाई आणि विरे. त्या काळी मागे फक्त बाभळी होत्या.

वडील गेले आणि दुकान माझे झाले. मागच्या बाभळी जाऊन चौदा मजली इमारत उभी राहिली. तिथल्या लोकांनी धुराची तक्रार केली. ती रास्तच होती, त्यांच्याही घरात लहान मुले होती. मी दुकानाचे नूतनीकरण काढले होतेच. दर्शनी बाजूला काच, आत वातानुकूलन, वर चमकत्या अक्षरांची नवी पाटी. त्याच कामात मागची खिडकी विटांनी बुजवून घेतली. आप्पांनी खोलीभर नजर फिरवली आणि एवढेच म्हणाले, “शेठ, धुराला वाट पायजे.” मी माणूस बोलावला. तो म्हणाला, धूर धुवून बाहेर सोडणारे यंत्र बसवता येईल, पण नळी मागे काढता येणार नाही. पुढूनच, पाटीच्या वरून काढावी लागेल. मी रस्त्यावर उभा राहून त्या पाटीकडे पाहिले. तिच्या डोक्यावर पत्र्याची काळी नळी मला पाहवेना. “दिवाळी होऊ द्या, आप्पा,” मी म्हणालो. खर्चाचा प्रश्न नव्हता, हे मला नमूद केलेच पाहिजे. प्रश्न शोभेचा होता. पुढे किती दिवाळ्या झाल्या ते मी मोजले नाही. आप्पांनी तीनदा विचारले, मग विचारणे सोडले. ते तोंडाला ओला पंचा बांधून काम करू लागले.

खिडकी गेल्यावर त्या खोलीत पाटावर बसणे कुणालाही शक्य राहिले नाही. मग मी एक सोय केली आणि त्या सोयीचा मला अभिमानही होता. भट्टीवर कॅमेरा लावला आणि बाहेर, गार हवेत, सोफ्यासमोर पडदा. “बसल्या जागी बघा, चहा घ्या,” मी गिऱ्हाइकांना सांगायचो. हिंजवडी-वाकडची तरुण जोडपी खूश व्हायची. रिवाज मोडला नव्हता, असे मी मनाला समजावले. सोने अजूनही मालकाच्या डोळ्यांसमोरच गाळले जात होते. फक्त त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पडद्यावर आप्पांचा पंचा हलायचा, खांदे हलायचे... माझी नजर हातांवर असायची. सराफाच्या नजरेला तीच सवय.

एके दुपारी पडद्यासमोर एक नवे गिऱ्हाईक बसले होते. भांड्यात तेजाब उकळत होते आणि आप्पा अचानक तिथून उठून, पाठ फिरवून, कोपऱ्यातल्या भिंतीशी वाकले. बराच वेळ तसेच राहिले. गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिले. मी आतल्या फोनवर म्हणालो, “आप्पा, भांड्याजवळ राहा. गिऱ्हाईक बघतंय.” आवाज चढवला नव्हता, मी कधीच चढवत नाही. ते वळले. कॅमेऱ्याखाली येऊन त्यांनी मान वर केली आणि दोन्ही हात पुढे करून तळहात उघडून दाखवले. रिकामे. मग कमरेची गाठ सोडून झटकली, पुन्हा बांधली, आणि भांड्यापाशी बसले. गिऱ्हाईक ओशाळून हसले. “तसं नाही हो,” ते मला म्हणाले. मीही “तसं नाही” म्हणालो... त्यांना. आप्पांना नाही.

आत जायला मला वीस पावले चालावी लागली असती. मी गेलो नाही. संध्याकाळी बोलू म्हटले, संध्याकाळी लग्नसराईची गर्दी होती. त्या दिवसापासून खोकल्याची उबळ आली की आप्पा आधी कॅमेऱ्याला तळहात दाखवत आणि मगच भिंतीकडे वळत. दिवसातून दोनदा, चारदा. शेवटी शेवटी फार वेळा. मी ते सगळे पाहिले. ते कशासाठी, हे मला ठाऊक होते. माझ्या मनात संशय नव्हता, असे लिहायला पेन उचलतो आणि थांबतो. त्या एका क्षणी, ते पाठ फिरवून वाकले तेव्हा, होता. क्षणभरच; पण त्यांना तो बरोबर कळला. उभे आयुष्य कस पाहण्यात गेलेला माणूस होता तो.

मग एक दिवस ते जिन्यात बसले ते उठेनात. डॉक्टरांनी काय काम करता हे विचारले, फुप्फुसांचा फोटो उजेडात धरला आणि भट्टी बंद करायला सांगितली. चार महिने आप्पा घरीच होते. चाकणला, संतोषच्या दोन खोल्यांत, प्राणवायूच्या यंत्राशेजारी. मी एकदाच गेलो. आप्पांनी नाकातल्या नळीकडे बोट दाखवले आणि हसले, “बगा शेठ, शेवटी नळी बसलीच.” मी त्या दिवशी क्षमा मागायचे ठरवून गेलो होतो, वाक्येही जुळवली होती. “आप्पा, त्या दिवशी मी फोनवर...” एवढे म्हणालो आणि त्यांना उबळ आली. त्यांनी भिंतीकडे वळण्याआधी माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही तळहात उघडून दाखवले. सवयीने. मग वळले. आप्पांच्या पत्नी पार्वतीकाकू त्यांच्या पाठीवर हात फिरवत मला म्हणाल्या, “हे आसं कवापास्नं करत्यात बगा. झोपंत बी हात दावत्यात. कशापायी वो, शेठ?” आप्पा खोकत होते. मी म्हणालो, “औषधांनी होत असेल.”

आप्पा गेल्यानंतर महिन्याभराने त्यांच्याच तालुक्यातला एक गलईवाला माझ्याकडे आला. तिशीचा, मोजके बोलणारा. खोली पाहिली, बुजवलेल्या खिडकीवर बोटाने टकटक केले आणि म्हणाला, “शेठ, हितं कोण काम करत हुतं?” मी सांगितले. त्याने बोटाला लागलेली धूळ झटकली. “आधी धुराडं. मग भट्टी. न्हाईतर राम राम.” मी माणूस बोलावला. दोन दिवसांत काम झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी कारागीर नळीला शेवटचा पट्टा ठोकून शिडीवरून उतरलेसुद्धा. पाटीच्या वर ती काळी नळी उभी आहे. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तिच्याबद्दल विचारलेले नाही.

वर्षानुवर्षे टाळलेल्या कामाचे ते दोन दिवस मला घरात बसू देईनात. पुढच्या रविवारी मी चाकणला गेलो. काकू गावाहून परतल्या होत्या. आप्पांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती आणि तिच्या जागी धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. काकू घड्या घालत होत्या. मी त्यांना सगळे सांगितले. खिडकी, पाटी, पडदा, ती दुपार, क्षणभराचा तो संशय, माझा फोन, औषधांविषयी बोललेले खोटे. मध्येच संतोष उठून बाहेर गेला. काकूंनी घड्या घालणे थांबवले नाही. माझे संपल्यावर त्यांनी विचारले, “त्यास्नी सांगितलं का कवा, की आता संशय न्हाई म्हणून?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी आप्पांचा एक पंचा उचलला, मांडीवर पसरला, त्यावरून हात फिरवून सुरकुत्या काढल्या. “म्हंजी जाईस्तवर तुमास्नी झडतीच देत हुतं माणूस,” त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. मग त्यांनी त्या पंच्याची घडी घातली आणि ढिगावर न ठेवता माझ्या बाजूला, जमिनीवर ठेवली. ती मला द्यायची होती की नुसती बाजूला ठेवायची होती, हे मी विचारू शकलो नाही. निघताना मी ती तिथेच राहू दिली.