उशिराचं कारण

फोन आला तेव्हा मी अकोल्यात पेट्रोल पंपावर उभी होते आणि माझ्या जुन्या गाडीच्या चारही चाकांत हवा भरून घेत होते. स्टेपनीतसुद्धा. सोमवारी सकाळी सहाला बडनेऱ्याहून दादाला घेऊन निघायचं होतं. चांगले दोन आठवडे, जुन्या रेल्वेलाइनी आणि रेल्वेची संग्रहालयं बघत. तो शनिवार होता. फोनवर भाचा होता. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला... झोपेतच गेला होता दादा. हवा भरणारा माणूस विचारत होता, मागच्या चाकांत किती ठेवू, सामान जास्त आहे का? मी म्हटलं, सामान नाही.

मधुकर, माझा मधूदादा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून काढली. गार्डाच्या डायरीत गाडीच्या वेळा लिहाव्या लागतात, आणि गाडी खोळंबली तर त्याचं कारणही. कारणाचा रकाना कोरा असला की गाडी वेळेवर. ही सवय दादानं घरात आणली होती. जेवायला उशीर झाला की वहिनीला विचारायचा, "कारन काय लिवू?" वहिनी म्हणायची, "लिवा, तुमच्या बहिनीचा फोन." वहिनी गेल्यावर त्यानं फिरायचा बेत धरला. आपल्याकडच्या छोट्या लाइनी बंद पडलेल्या, म्हणजे रेल्वे बघायला मोटारीनं जाणं आलं, आणि दादाला मोटार चालवता येत नव्हती. आयुष्यभर रुळावर चाललेला माणूस, वळण घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मी पन्नाशीनंतर गाडी शिकलेली. तेव्हा आखणी त्याची आणि स्टिअरिंग माझं, असं ठरलं.

आखणी निळ्या वहीत होती. मूर्तिजापूर, पथ्रोट, अचलपूर; मग आकोटच्या पुढे मेळघाटातली जुनी लाइन, जिथे रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढतात; मग नागपूरचं छोट्या गाड्यांचं संग्रहालय, आणि शेवटी थेट माथेरान. मोटारीच्या प्रवासाचं त्यानं रेल्वेसारखं टाइमटेबल केलं होतं. प्रत्येक थांब्यापुढे 'पाणी, ७ मिनिटं' असं लिहिलेलं. वाफेच्या इंजिनाला पाणी भरतात तसं. ती सात मिनिटं माझ्या चहाची होती.

आता त्या गृहस्थांकडे येते. नाव घेत नाही, पण हे वाचताना त्यांचा चहा गार होईल एवढी माझी खात्री आहे. प्रवासवर्णनं लिहितात, व्याख्यानं देतात, गळ्यात कॅमेरा असतो. गेल्या हिवाळ्यात बडनेऱ्याला आले, वही बघून भारावले, दोन दिवसांसाठी मागितली. दादा का कू करत होता. मीच म्हटलं, "दे ना दादा, मोठा मानूस हाय." वही महिन्यानं परत आली, आणि मागोमाग याच पुरवणीत त्यांची लेखमाला सुरू झाली. 'मी आखलेला प्रवास', 'माझ्या शोधातली स्थानकं'. दादाचा उल्लेख औषधालाही नाही. एका ठिकाणी तर लिहिलं होतं, 'इथे आम्ही नेमकी सात मिनिटं थांबलो.' कशासाठी, ते काही त्यांना सांगता आलं नव्हतं.

पथ्रोटच्या स्टेशनामागे चिंचेखाली बसून आपण डबा खाल्ला, असंही त्यांनी लिहिलं. ती चिंच दादानं नोकरीतल्या आठवणीवरून वहीत लिहिलेली; ते वाचून तो हरखला. "बेबे, माही चिंच अजून हाय म्हनते! चाल, पाहून येऊ." मी त्याला घेऊन वलगाववरून परतवाड्याकडून गेले. पथ्रोटला चिंच नव्हती. स्टेशनाजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं, ते झाड जाऊन कैक वर्षं झाली. दादा बघतच राहिला आणि मग असा हसत सुटला की मला त्याला धरून खाली बसवावं लागलं.

"बेबे, थो मानूस तं आलाच नाई इथं! घरीच बसून फिरला."

मी संतापले होते. म्हटलं, संपादकांना पत्र टाकू, चारचौघांत झाडू. दादा डोळे पुसत म्हणाला, "कावून चिडून राहिली? त्याचा फोन आला होता मले. पुढची वही मांगून राहिला. देऊ ना आपन."

आणि आम्ही दोघांनी लाल वही लिहायला घेतली. माझी बहीण म्हणून लायकी दादानं तेव्हा पहिल्यांदा मान्य केली असेल. दर रविवारी मी बडनेऱ्याला जायची आणि आम्ही शेजारी बसून थापा रचायचो. लाइनी खऱ्या, गावं खरी. बाकी सगळं आमचं. मेळघाटातल्या एका बंद स्टेशनामागे आम्ही विहीर खणली. तिच्या काठावर इंग्रजी आकडे कोरले. पाणी गोड असावं की मचूळ, यावर तासभर वाद. दादा म्हणाला, "गोडच ठेव. प्यासा हाय बिचारा." इतका खुशीत मी त्याला वहिनीनंतर पाहिला नव्हता.

तेरवीला ते गृहस्थ आले. फोटोला हार घातला, चार माणसांत बोलले की भाऊसाहेबांना या प्रवासाला मीच नेणार होतो. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, ती दुसरी वही... ती माझ्याकडे असलेली बरी. मी तिला न्याय देईन." माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. पण मी आत गेले, लाल वही आणली, पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात ठेवली. भाचा बघत राहिला. त्याला वाटलं, आत्या दुःखानं वेडी झाली.

गेल्या रविवारी तुम्ही इथंच वाचलंत. 'त्या विस्मृत विहिरीचं पाणी मी ओंजळीनं प्यायलो.' बरंच गोड लागलं म्हणे! वाचकहो, तिथे विहीर नाही. जाऊन बघा. आम्ही आधीच काढून ठेवलेली लाल वहीची झेरॉक्स आणि निळी वही, दोन्ही मी संपादकांपुढे ठेवली, तेव्हा कुठे हा मजकूर छापून येतो आहे. माफी मला नको. त्यांनी पुढच्या व्याख्यानाला उभं राहावं आणि पहिल्या रांगेतल्या कुणीतरी पाण्याची चव विचारावी, एवढंच मला हवं आहे.

सूड पुरा झाला. मला वाटलं होतं, आता शांत झोप लागेल. पण संपादकांना दाखवण्याआधी मी निळी वही पहिल्यापासून चाळली, आणि मागच्या पानावर दादानं रकाने आखलेले सापडले. सुटण्याचा दिवस, वेळ, उशिराचं कारण. पाच वर्षांच्या नोंदी. 'बेबीकडे पाहुणे.' 'बेबीची तूर निघायची.' 'बेबी म्हणते, उन्हाळा नको.' 'बेबी, गाडीचं काम.' 'बेबी.' 'बेबी.' पानभर माझं नाव, आणि त्याबद्दल एक शब्द कधी बोलला नाही. ते गृहस्थ त्या पानावर कुठेही नाहीत. दादाचा प्रवास त्यांनी नव्हता अडवला. त्यांच्यावर एवढी आग पाखडताना मला हे कुठेतरी ठाऊक होतंच की काय, कोण जाणे...

शेवटची नोंद त्या सोमवारची. वेळ सहा. कारणाचा रकाना कोरा. तसाच ठेवला असता तर गाडी वेळेवर सुटली असा अर्थ झाला असता, आणि खोटी वही आम्ही एकच लिहिली होती. म्हणून मी दादाचंच पेन घेतलं आणि त्याच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं: बेबी तयार होती. गार्ड नव्हता.