मनकर्णामायचा बिब्बा

पिंपळगाव राजात कोणाच्या टाचा फुटल्या का त्यानं मनकर्णामायच्या ओट्यावर यावं. आमची मोठीमाय ती. सुईले बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, आन त्याचं कायं तेल थेंब थेंब भेगीत सोडायचं. हे ते तिच्या मायकडून शिकली होती. पाय धरायची आन वरतून बोलणंही द्यायची, का चप्पल घेतली ते देव्हाऱ्यात ठेवाले घेतली काय वं? बायका लंगडत येत आन हसत जात.

घर माळव्याचं. वांगे, मिरच्या, सकाय झाली का खुडा. तिचा नवरा म्हणजे आमचे मोठेबाबा शेषराव, लेक गोविंदा, सून वंदना. लेकरू म्हणजे तिले गोविंदा एकटाच.

गोविंदाले तिकडं युरोपात काम लागलं, काचेच्या घरात टमाटे तोडायचं. त्या देशाचं नाव मायच्या तोंडात कधी बसलंच नाही, ती आपली 'गोविंदाचा देश' म्हणे. तिथच्या मालकानं कामाचं परमिट काढून धाडलं. त्याच्यावर तारीख होती, तिच्या आत पोचा म्हणून. आता मुंबईले जाऊन बोटाचे ठसे द्यायचे, मंग व्हिसा. नांदुऱ्याच्या एजंटानं बजावून सांगतलं होतं का बोटं नीट ठेव, फुटक्या बोटाचे ठसे मशीन घेत नाही. आन गोविंदाचे बोटं कसे, तं वांग्याच्या काट्यानं आन मातीनं पार चिरलेले. तो खोबऱ्याचं तेल चोळत बसला.

मायले ते पाहावलं नाही. म्हणे, तेलानं बोटाले केसं येतीन बाबू, भेगा नाही बुजत. इकडं ये.

एकेका बोटाले तिनं बिब्बा लावला. टाचेचं कातडं जाड आन बोटाचं पातळ, हे तिले का समजत नव्हतं? पण लेकराचं काम, जीव वरखाली, थेंब जास्तीचा पडला. नांदुऱ्याहून गाडीत बसला तवा काहीच नव्हतं. मुंबईत उतरला तं बिब्बा उतला होता. बोटं लालभडक, वरतून टरटरून फोड.

व्हिसाच्या हापिसात काचेवर बोट ठेवलं का मशीन लाल दिवा दाखवे. तिथची पोरगी चांगली होती, पण तीही काय करीन? म्हणे, बरे झाले का नवी तारीख घेऊन या. ते तारीख भेटेपर्यंत परमिटची मुदत सरली. मालकानं दुसरा माणूस घेतला.

गोविंदा वापस आला. मायले एका शब्दानं बोलला नाही. गपचूप फवारणीचा पंप पाठीवर घेतला आन वावरात गेला. माय वंदनाले म्हणे, त्यानं मले दोन शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं वं. त्याच दिवशी तिनं बिब्ब्याचा डबा उकिरड्यावर नेऊन ओतला. बायका आल्या तं म्हणे, गावात डॉक्टर बसते, त्याच्याकडं जा. तिच्या ओट्यावरचं हसणं गेलं ते गेलंच.

पुढं काही सालानं गोविंदाले दुसरं परमिट आलं. आता तं माय त्याच्या जवयही जाईना. ठसे झाले, व्हिसा झाला. निघायच्या दिवशी त्यानं दह्यासाठी हात पुढं केला. आपल्यात गावाले जाणाऱ्याच्या हातावर मायच दही घालते. माय मांघं सरकली.

"वंदना, तू दे."

"माय, मले तुह्या हातचं पाहिजे."

"माह्या हाताले यश नाही बाबू. जा तू."

दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राह्यली, एस. टी. जाईपर्यंत.

तिकडं गेल्यावर राहायचं कार्ड काढा लागते. अर्ज केला का तिथं राहता येते, काम करता येते. पण कार्ड यायच्या आधी देशाबाहेर पाय टाकला तं वापस घेत नाही, पुन्हा सारं पयल्यापासून. गोविंदाचं कार्ड रखडलं. आन इकडं मायच्या पोटात पाणी झालं. खामगावच्या डॉक्टरनं सांगतलं का आता घरीच ठेवा. मोठेबाबा म्हणे, पोराले बलावतो. तशी ते आडवी पडलेली बाई उठून बसली.

"एकदा अडोलं म्या त्याले. आता मरून अडवू काय? कोणी सांगतलं तं माह्या मयतीले येऊ नका."

गोविंदाचा व्हिडिओ कॉल आला का वंदना तिले उशीले टेकवून बसवे, पदर नीट करे.

"तोंड काऊन उतरलं वं माय?"

"उपास हाय आज."

"कालही उपासच होता. कोणता देव धरला वं इतका भुकेला?"

माय हसे. फोन ठेवला का भिताडाकडं तोंड करून पडे.

कपाशीच्या वेचणीच्या दिवसात माय गेली. अग्नी मोठ्याबाबानं देल्ला. वंदनानं फोन लावला ते माणसं मसणातून वापस आल्यावर.

"काऊन नाही सांगतलं? मी आलो असतो ना."

"तुम्ही आले असते म्हणूनच सांगू देल्लं नाही मायनं."

त्यानं तिकडंच मायच्या नावानं डोकं भादरलं, आन दुसऱ्या दिवशी टोपी घालून कामावर गेला. अस्थी त्याच्यासाठी ठेवल्या हायेत, फडक्यात बांधून गोठ्यातल्या आढ्याले. कार्ड अजून आलं नाही.