एकटा कोण बिघडतो?

"अख्खा लॉट थांबवा!"

एक हात वर, दुसऱ्या हातात खराब निघालेला पार्ट. चाकणच्या आमच्या कंपनीत माल तपासणाऱ्या माझ्या मित्राने ही हाळी दिली की मी स्टोअरमध्ये कपाळाला हात लावायचो. एक पीस खराब निघाला, तर सोबतचे सगळे तपासल्याशिवाय हा गडी गाडी सोडायचा नाही. "अरे राव, एकच तर आहे!" म्हटलं की म्हणायचा, "एकटा कोण बिघडतो?"

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. डोक्याला ताप, पण त्यांच्यावाचून करमत नाही.

त्याला मुतखड्याचा त्रास होता. वडिलांना होता, धाकट्या भावालाही. घरचे सगळे विहिरीच्या जड पाण्याला शिव्या घालायचे. बोअर घेतली, फिल्टर बसवला, तरी खडे होतच राहिले.

मग खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला, तर छातीच्या हाडामागे गाठ. तिथे थायमस नावाची ग्रंथी असते, तिचा हा दुर्मिळ कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं, घरात मुतखडे कोणाकोणाला? मानेतल्या ग्रंथी बिघडल्या की रक्तात कॅल्शियम वाढतं, खडे होतात. दोन्हींच्या मुळाशी दोष एकच, आईबापांकडून पोरांत उतरणारा.

मी धीर द्यायला गेलो, तर हाच मला बोटाने दाखवतोय! "बघ की, मान कुठं, छाती कुठं! बिचाऱ्या विहिरीला उगाच बदनाम केलं." हसावं की रडावं कळेना. फार वाईट वाटलं.

स्वतःच्या मुलीचं रक्त त्याने लगेच तपासून घेतलं. भाऊ मात्र ऐकेना.

"खड्यांबिगर मला कायबी झालं न्हाई, दादा. पोरीची सोयरीक चाललीय. गावात कळलं तर कोण करंल तिला?"

"अरे, वेळेत कळलं तर लक्ष ठेवता येतं. माझं उशिरा कळलं."

पुढे कधीही भेटायला गेलं की तो मला एवढंच विचारायचा, "गेला का तो तपासायला?"

त्याच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. नातेवाईक हात जोडून एकेक वचन देत होते. पोरीला शिकवू, घर सांभाळू. कावळे झाडावर ढिम्म. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं, पण मी पडलो परका. भाऊ मान खाली घालून उभा. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. असा संताप आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दार वाजलं. बाहेर भाऊ, आणि मागे त्याची लग्नाची पोर.

"पाव्हण्यांना समदं सांगून आलोय," तो म्हणाला. "त्यांना काय ठरवायचं ते ठरवू द्या. रक्त कुठं तपासत्यात, दाखवा. दोघंबी उपाशीपोटी हाय."