तीस केबीचा ठराव

ताडकळसच्या पलीकडं सहा किलोमीटरवरच्या एका गावात मल्लेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असली गावं जिल्ह्यात ढिगानं पडली आहेत.

वेबसाइट करायला मल्लेशला कुणी शिकवलं नाही. परभणीच्या नेट कॅफेत बसायचं, दुसऱ्याच्या पानावर माऊसचं उजवं बटण दाबून आतला कोड उघडायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा, ही त्याची शाळा. दोन हजार बाराला त्यानं गावाची वेबसाइट काढली. वर 'सहर्ष स्वागत' ही अक्षरं डावीकडं सरकत जायची, खाली किती जण आले त्याचा आकडा फिरायचा. आज बघितलं तर हसू येईल. पण आतला माल हसण्यासारखा नव्हता. प्रत्येक ग्रामसभेत कोण काय बोललं ते शब्दाला शब्द, आणि शेवटी सह्या झालेल्या ठरावाच्या पानाचा फोटो. ग्रामसेवकाला तो कॅमेरा बघूनच घाम फुटायचा.

त्या काळात गावात नेट म्हणजे शिवमंदिराच्या ओट्यावर मोबाइल उंच धरून उभं राहायचं. म्हणून मल्लेशनं स्वतःला नियम घालून घेतला : तीस केबीच्या वर एकही फोटो चढवायचा नाही. गरिबाच्या मोबाइलवर पान उघडलं पाहिजे. शहरातले डिझायनर पाच-पाच एमबीचे फोटो टाकतात म्हणून त्यांना तो उघड शिव्या द्यायचा. फोटो बारीक झाला की मूळ फाइल पुसून टाकायची, कारण कॉम्प्युटरवर जागा नसायची.

"आवं, मूळचं ठेवत जा की एखाद्या सीडीत," बायको, त्रिवेणी म्हणायची.

"ठेवून काय लोणचं घालू?" मल्लेश म्हणायचा.

मग फुकटचं नेट आलं. मल्लेशनं सगळी वेबसाइट मोडून मोबाइलच्या पडद्याला बसेल अशी नव्यानं बांधली. तेवढ्यात लोकांनी वाचणंच सोडलं. गावातल्या बालाजीनं एक माइक विकत घेतला, त्याला चॅनेलच्या नावाचा ठोकळा लावला आणि रातोरात संपादक झाला. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तासभर लाइव्ह, आणि ग्रामसभेच्या दिवशी याचा मोबाइल चार्जिंगला.

मल्लेशचा तरीही हेका सुटला नाही. त्याला कारण होतं. त्याच्या वेबसाइटवर दोन हजार तेराचा एक ठराव होता : गावच्या उत्तरेची वीस गुंठे जागा लिंगायतांच्या दफनभूमीला. मल्लेश त्यांच्यातलाच. त्यांच्यात मयत जाळत नाहीत, खड्ड्यात मांडी घालून बसवतात. ज्याला शेत आहे तो शेतात बसवतो. मल्लेशला शेत नव्हतं. बाप गुरुसिद्धप्पा त्या वीस गुंठ्यांतच बसवलेला, आणि आई नीलम्मा पंच्याऐंशीची. "अप्पाच्या डाव्या हाताची जागा माझी," असं ती आल्या-गेल्याला सांगायची.

गेल्या साली माजी सरपंच दिनकररावांनी त्या जागेवर दुकानांचे गाळे काढले. ठरावावर सही त्यांचीच. ग्रामपंचायतीचं रजिस्टर मात्र वाळवीनं खाल्लं म्हणे. वाळवी पण अशी तरबेज की नेमकं तेराचं साल तेवढं खाल्लं.

मल्लेश हसला. "खाऊ दे. माझ्याकडं हाय."

त्यानं अर्ज केला, तालुक्याला तहसीलदार साहेबांपुढं सुनावणी लागली. साहेबांच्या मोबाइलवर नीट दिसावी म्हणून आदल्या आठवड्यात त्यानं वेबसाइटला नवं कोरं डिझाइन चढवलं. कडक इस्त्रीचा सदरा घालून गेला. साहेबांनी पान उघडलं, फोटोवर दोन बोटं ठेवून ताणला. आणखी ताणला.

"यात सही कुठली? नुसते चौकोन दिसायलेत."

मल्लेशनं मोबाइल हातात घेतला. खरंच, चौकोनच. ओळी करड्या, सही म्हणजे मुंगी चिरडल्यासारखा डाग.

"मूळ फोटो द्या."

"मूळ न्हाई साहेब. पण खाली शब्दन् शब्द टाइप केलेला हाय."

"टाइप कुणी केला?"

"मी."

"आणि इथं लिहिलंय, शेवटचा बदल गेल्या मंगळवारी."

"साहेब, ते डिझाइन बदललं. मजकुराला हात लावला न्हाई!"

दिनकरराव खुर्चीतून हळूच म्हणाले, "साहेब, मल्लेश लय हुशार हाय. पण माणसानं आपल्या भिंतीवर आपणच लिहायचं आणि त्यालाच सरकारी कागद म्हणायचं, हे काय बरं न्हाई."

बारा वर्षं ज्या हलकेपणाचा तोरा मिरवला, त्यानंच ठराव खाल्ला होता. वाळवी बदनाम झाली फुकट. साहेबांनी अर्ज फेटाळला.

दारात बालाजी माइक घेऊन उभाच. "मल्लेशदादा, पटकन दोन शब्द. तीस सेकंदात सांगा, त्याच्या वर कोणी बघत न्हाई."

मल्लेशनं त्याच्या छातीला हात लावून त्याला बाजूला सारलं. तेवढंच सहा सेकंदाचं बालाजीनं कापलं आणि वर लाल अक्षरांत घातलं : 'पुरावा न्हाई, पत्रकारावर हात!' मल्लेशच्या वेबसाइटवर बारा वर्षांत जेवढी माणसं आली नसतील, तेवढ्यांनी ते जेवायच्या वेळेपर्यंत बघितलं.

येताना तो चुलतभाऊ महारुद्रच्या शेतावर उतरला. आईपुरता एक कोपरा मागितला. महारुद्र बांधाकडं बघत म्हणाला, "दिला असता रे. पण प्लॉट पाडायलोत. गिऱ्हाईक मयताला भितंय."

घरी नीलम्मा ओसरीवर बसली होती. शेजारणीचं तिला मोबाइल दाखवून झालं होतं.

"त्या बाल्याला ढकललास ते दिसलं," ती म्हणाली. "कशापायी ढकललास, ते काई दिसलं न्हाई."

मल्लेशनं चप्पल काढली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. फोटोचं, साहेबांचं, महारुद्रचं. चूक कुणाची तेही सांगितलं. त्रिवेणी दारात येऊन उभी राहिली.

म्हातारीनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. 

"मग जाळा मला," ती म्हणाली. "राखंला जागा लागत न्हाई."

"गप बस, माय!" मल्लेश ओरडला. जन्मात तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता.

 त्या दिवसापासून म्हातारी जागेचं नाव काढत नाही.