कुंभार चित्रात नव्हता

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात न्हाव्याच्या दुकानी नागपूरचं एक साप्ताहिक यायचं. गोंदियाहून येणारा कोणीतरी ते आणून देई. शेवटच्या पानावर चित्रांची गोष्ट असे, दर आठवड्याला थोडी थोडी. मी दोन वर्ग शिकलेला. अक्षर लावून वाचायचो, पण चित्रं मला कोणी समजावून द्यावी लागत नसत. अक्षरं न्हावी वाचायचा, हातातला वस्तरा थांबवून. अर्धी दाढी झालेला माणूसही कुरकुर करत नसे.

गोष्टीत एक राजा होता, आणि एक सरदार होता. त्यानं गावं जाळली होती, आणि वाट दाखवली नाही म्हणून एका कुंभाराचे दोन्ही हात तोडले होते. ते चित्र मला अजून दिसतं: चाक तसंच फिरून राहिलं आहे आणि त्यावरचा घडा तिरपा झाला आहे. आम्ही सगळे त्या सरदाराच्या मागं होतो. तो आवडायचा असं नाही. पण राजाच्या चित्रावरून नजर पुढं सरकायची आणि सरदार आला की थांबायची.

त्याच वर्षी माझ्या सख्ख्या काकानं आमच्या बोडीची पाळ फोडली. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाचा लहान तलाव. आज्यानं बांधलेला, माझा बा आणि काका या दोघा भावांत सामाईक. पहिलं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत जायचं, यावरून बाशी भांडण झालं आणि काकानं रागात पाळीवर कुदळ घातली. सगळं पाणी नाल्याला गेलं. धान गर्भावर आलं होतं. आमचं गेलं, त्याचंही गेलं. पंचांनी त्याला वाळीत टाकलं.

आमच्यात परत येण्याची रीत ठरलेली होती. वाळीतल्यानं जेवण घालायचं आणि ज्याचं नुकसान केलं त्यानं पहिला घास घ्यायचा. तो घेत नाही तोवर पंगतीत कोणी भाताला हात लावत नसे. आणि तो घास सहज मिळत नसे. माणसाला त्याच्या दारात जावं लागे, तसंच परत यावं लागे, पुन्हा जावं लागे.

म्हणून मी सरदारावर डोळे लावून होतो. असा माणूस परत येतो तर कसा येतो, ते मला बघायचं होतं. कोणाला हसू येत असेल तर येऊ द्या.

उन्हाळ्यात एका बाजाराला गेलो तर न्हावी म्हणाला, "बस. तुझा सरदार सुधरला."

"कधी?"

"आजच."

त्यानं वाचून दाखवलं. सरदार घोड्यावर. मग एक साधू. मग सरदार रडतो. मग राजा त्याला मिठी मारतो आणि लोक फुलं टाकतात. खाली समाप्त, आणि पुढच्या आठवड्यापासून नवी गोष्ट.

कोपऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारा एक म्हातारा बसलेला असे. तो म्हणाला, "कुंभार काय म्हणते?"

न्हाव्यानं पान डोळ्यांजवळ नेलं. "कुंभार नाही दिसत."

"फुलं टाकणाऱ्यात पाह्य ना."

"हात नाहीत त्याले. फुलं कायनं टाकन?" खुर्चीवरचं गिऱ्हाईक म्हणालं. एक-दोघे हसले.

"मंग माफ कोणं केलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"राजानं."

"राजाचं काय गेलं होतं?" असं म्हणून तो विडीला दोरा बांधू लागला.

न्हाव्याचं म्हणणं, चित्रं काढणारा सोडून गेला असेल, म्हणून घाईनं मिटवलं. असेल. वाईट माणूस सुधरू नये असं आमच्यातल्या कोणाचंच म्हणणं नव्हतं. पण इतके महिने आम्ही त्याच्या मागं फिरलो. त्याला कुंभाराच्या दारात उभा बघायचा आमचा हक्क होता. रडायला काय, कोणीही रडतो. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. दाढी करून घेतली आणि घरी निघालो.

पुढं थोड्याच दिवसांत पंचांनी काकाचं जेवण ठरवलं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर होता, पाळ बांधायला माणसं हवी होती, आणि वाळीतल्यासोबत माती टाकायला कोणी तयार नव्हतं. काका तोवर आमच्या दारात एकदाही आला नव्हता.

मी म्हटलं, "बा, त्याले आधी येऊ दे ना इथं. कायले घाई करून राहिलास?"

"पाणी थांबते का तुह्यासाठी?" बा म्हणाला.

जेवणाच्या दिवशी काका पंचांच्या पाया पडला, बाच्या पडला आणि रडला. रडणं खरं होतं, मी जवळून पाहिलं. बानं त्याच्याकडे न बघता भात कालवला आणि घास तोंडात घातला. लगेच सगळी पंगत जेवू लागली. कोणी वरण मागितलं, कोणी पावसाचं काढलं.

माझ्या पत्रावळीवरचा भात तसाच होता. काकू वाढत आली नि थांबली.

"काऊन रे, जेवत नाहीस?"

"भूक नाही, काकू."

"बानं घेतला ना घास."

"बानं घेतला."

ती पुढच्या पत्रावळीकडं गेली. मी पत्रावळ उचलून गाईपुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी काकासोबत पाळीवर माती टाकायला गेलो. माती कुठं टाकायची, एवढंच बोलणं झालं. पुढं त्याच्या तिरडीला खांदाही दिला. त्याच्या घरी मात्र मी कधी जेवलो नाही. तो आमच्या दारात आला नाही, आणि ये म्हणायला मी गेलो नाही.